निजलेली भाषा उठवायची तर आधी धडा नको, प्रसंग निवडा

अस्खलित बोलणारं शेवटचं माणूस जाऊन पन्नास-शंभर वर्षं झालीत, पण भाषा कागदावर शिल्लक आहे आणि तिला ‘आमची’ म्हणणारी माणसं आहेत. अशा भाषेला हल्ली ‘मृत’ म्हणत नाहीत, ‘निद्रिस्त’ म्हणतात, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेतल्या मायामिया समाजाची भाषा बोलणारी शेवटची माणसं १९६०च्या दशकात गेली. आज त्याच समाजाची मुलं उन्हाळी शिबिरांत ती शिकतात. मॅसॅच्युसेट्समधली वाम्पानोआग भाषा सुमारे दीडशे वर्षं कुणी बोलत नव्हतं. त्याच समाजातल्या जेसी लिटल डो बेअर्ड यांनी १९९३मध्ये काम सुरू केलं आणि पुढे त्यांच्या घरात एक मूल ती भाषा ऐकतच वाढलं.

अशा कामात नव्याने येणाऱ्यांसाठी हा लेख आहे: समाजातले तरुण, शिक्षक, भाषाविज्ञानाचे विद्यार्थी. जवळजवळ प्रत्येक नवा गट सुरुवातीला एकच चूक करतो. मुळाक्षरं, आकडे, रंग, प्राणी या क्रमाने तो अभ्यासक्रम आखतो. सहा महिन्यांनी मुलांना चाळीस प्राण्यांची नावं येतात आणि ‘इकडे ये’ म्हणता येत नाही. हा क्रम सुचतो तो जुन्या शब्दसूचींमुळे. नोंदी घेणारा बोट दाखवून ‘याला काय म्हणतात?’ असं विचारत फिरायचा, म्हणून सूच्या नामांनी भरलेल्या असतात. आपण त्याच सूच्या समोर ठेवून धडे लिहायला बसलो की त्याचंच काम पुढे चालवतो.

उलट बाजूने या. आधी रोज घडणारा एक प्रसंग ठरवा आणि तो चालवायला लागेल तेवढीच भाषा कागदांतून काढा.

पायरी १: बैठकीत कोण

पाच ते आठ माणसं पुरतात. आठाच्या वर गेलं की दोघं बोलतात आणि बाकीचे चहाची वाट बघतात. निम्म्याहून जास्त माणसं त्या समाजाचीच हवीत, आणि त्यात प्रत्यक्ष शिकणारे किमान दोन हवेत. त्यांतला एक लहान मुलाचा पालक असेल तर उत्तम. जुने कागद वाचू शकणारं एक माणूस हवं. ते बाहेरचं असलं तरी चालतं. मुलांना शिकवण्याचा हात असलेलं एक, आणि निर्णय लिहून ठेवणारं एक. शिवाय एक वडीलधारं माणूस. ‘त्यांना भाषा येत नाही’ म्हणून त्यांना वगळू नका. भाषा गेली तरी रागावण्याचे, लाडाचे, खाण्याचे, अंगाईतले सुटे शब्द घरात टिकून राहतात, आणि असे शब्द शब्दसूचीत सहसा सापडत नाहीत.

पहिल्या बैठकीत भाषा शिकायचीच नाही. एका पानावर चार गोष्टी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. तयार झालेलं साहित्य कुणाच्या मालकीचं? ध्वनिमुद्रणं कोण वापरू शकतं? कोणती गाणी, विधी किंवा नावं बाहेर शिकवायची नाहीत? मतभेद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा? या शेवटच्या प्रश्नाला टिकणारं उत्तर असं: ‘कागदावर काय आहे’ हे अभ्यासक सांगेल, ‘आपण काय म्हणायचं’ हे समाज ठरवेल. हे पान आधी न केल्यास वर्षभराने कुणाच्या तरी प्रबंधात समाजाचं खासगी गाणं छापलेलं दिसतं आणि मग गट फुटतो.

पायरी २: कागद काय देतात, काय लपवतात

सगळे कागद गोळा होईपर्यंत थांबायचं नाही, पण समोर आलेला कागद कोणत्या जातीचा आहे ते ओळखायला हवं.

शब्दसूचीत नामं भरपूर असतात, वाक्यं जवळजवळ नसतात. धर्मग्रंथाच्या भाषांतरात क्रियापदांची रूपं भरभरून मिळतात, पण ‘हात धू’ मिळेलच असं नाही. वाम्पानोआग भाषेत जॉन एलियट या मिशनऱ्याचं १६६३चं बायबल आहे. त्याहून मोलाचं म्हणजे त्या लोकांनी स्वतः लिहिलेली मृत्युपत्रं आणि जमिनीचे दस्तऐवज आहेत. बायबल अनुवादकाच्या हाताखालून गेलेलं असतं. मृत्युपत्रात माणूस आपलं घरचं बोलतो. कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन भाषेसाठी भाषाशास्त्रज्ञ जॉन हॅरिंग्टन यांची टिपणं आहेत. एका वृद्ध बोलणाऱ्या बाईंजवळ बसून त्यांनी ती १९२९मध्ये घेतली. त्यांत कथा आहेत, औषधं आहेत आणि वाचायला त्रास देणारं अक्षरही आहे.

लपलेली गोष्ट म्हणजे उच्चार. नोंद घेणाऱ्याच्या कानाला जो फरक कळत नाही, तो कागदावर येत नाही. मराठीवरच करून बघा. इंग्रजी कानाचा एखादा पाहुणा ताट, टाट आणि तट हे तीनही शब्द रोमन लिपीत एकाच तीन अक्षरांत लिहील: टी, ए, टी. शंभर वर्षांनी तो कागद वाचणाऱ्याने जेवण वाढायचं कशात, बसायचं कशावर आणि नदी कुठे संपते, हे ओळखायचं कसं? ऑस्ट्रेलियातल्या अॅडिलेडच्या मैदानी भागातली कौर्ना भाषा नेमकी अशीच पोचली. टाइशेलमान आणि शुरमान या दोन जर्मन मिशनऱ्यांनी १८४०मध्ये तिचं छोटं व्याकरण आणि सुमारे दोन हजार शब्द छापले. काम कसोशीचं होतं, पण ‘त’च्या घरातले वेगवेगळे ध्वनी त्यांच्या लेखनात नीट वेगळे पडले नाहीत.

हा गुंता दोन बाजूंनी सुटतो. एक, तोच शब्द दोन-तीन वेगळ्या माणसांनी कसा लिहिलाय ते शेजारी शेजारी मांडा. लेखन जिथे डळमळतं तिथे बहुधा वेगळा ध्वनी दडलेला असतो. दोन, जिवंत असलेली किंवा चांगली नोंदलेली भगिनी भाषा, म्हणजे त्याच मुळातून निघालेली भाषा, बघा. एवढं करूनही काही जागा रिकाम्या राहतात. तिथे गटाने एक उच्चार ठरवायचा, तो ‘ठरवलेला’ आहे असं लिहून ठेवायचं आणि पुढे जायचं.

लेखनपद्धती मात्र लवकर गोठवू नका. कौर्ना गटाने २०१०मध्ये सुधारित लेखन स्वीकारलं, तेव्हा जुन्या लेखनातलं साहित्य वर्षानुवर्षं वापरात होतं. म्हणून पहिली दोन वर्षं महागडं छापील पुस्तक काढायचं नाही. साधे सुटे कागद काढा आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात आवृत्तीचा आकडा आणि तारीख लिहा. ही तारीख कंटाळवाणी वाटते. दोन पालक दोन वेगळे कागद घेऊन भांडायला येतात तेव्हा तिचं मोल कळतं.

पायरी ३: प्रसंग निवडणं

चांगला पहिला प्रसंग रोज घडतो, आपण मुद्दाम न घडवता. तो पाच ते पंधरा मिनिटांत संपतो, त्यात तीच ती माणसं असतात, आणि हातपाय हलतात म्हणजे शब्द न कळला तरी अर्थ दिसतो. मुलाचे हात धुणं, दारात एकमेकांना भेटणं, झोपायला नेणं हे चालतं. सण, समारंभ, भाषणाच्या सुरुवातीची दोन वाक्यं हे पहिल्या प्रसंगासाठी वाईट, कारण ते वर्षातून दोनदा येतात आणि त्यात एकच माणूस बोलतो.

प्रसंग ठरला की तो आधी सध्याच्या बोलीत, जसा घडतो तसा, दहा मिनिटं मुद्रित करा. नाटक करायचं नाही. मग उतरवून काढा. साधारण पन्नास-साठ उद्गार निघतील; त्यांतले निम्मे ‘अरे’, ‘थांब’, ‘नको’, ‘असं नाही’ असे असतात. हेच ठेवायचे. शहाण्या माणसाला हे किरकोळ वाटतात आणि तो ‘पाणी ही जीवनाची गरज आहे’ छापाची वाक्यं आणतो, जी कुठल्याच घरात कुणी बोलत नाही. गाळून बारा ते पंधरा उद्गार ठेवा. कौर्ना भाषेवर काम करणारे भाषाशास्त्रज्ञ रॉब अॅमरी यांनी हाच रस्ता धरला: व्याकरण पुरं होण्याची वाट न बघता लगेच तोंडात घालता येतील अशी छोटी तयार वाक्यं आधी द्यायची.

दारातल्या भेटीचंच उदाहरण जवळून बघू. एकटं माणूस भेटलं तर कौर्नात ‘नीना मार्नी?’, म्हणजे ‘तू बरा आहेस ना?’. उत्तर ‘मार्नीआइ’, शेवटचं ‘आइ’ म्हणजे ‘मी’. समोर दोघं असतील तर ‘नीवा मार्नी?’ आणि तीन किंवा जास्त असतील तर ‘ना मार्नी?’. संस्कृतातलं द्विवचन शाळेत घोकलेल्या माणसाला हे लगेच कळेल, पण घोकण्याची इथे गरजच पडत नाही. दार उघडतं, किती माणसं उभी आहेत ते डोळे मोजतात आणि त्याप्रमाणे सर्वनाम निघतं. सत्रात एवढंच करायचं: कुणी एकटं बाहेर जाऊन आत येईल, मग दोघं, मग चौघं. एकवचन-द्विवचन-अनेकवचनाचा तक्ता भिंतीवर लावून जे तीन तासांत होत नाही ते दाराच्या वीस उघडझापांत होतं. आणि घरी गेल्यावर दार असतंच.

पायरी ४: वाक्यं जमवणं

पंधरा उद्गारांची एक वही करा. प्रत्येक ओळीत पाच गोष्टी: उद्गार, त्याचा अर्थ, तो कुठून आला, कागदाचं नाव व पान, आणि निर्णयाची तारीख. ‘कुठून आला’ या रकान्यात तीनच शिक्के:

कागदी — जसंच्या तसं जुन्या नोंदीत सापडलं.
जुळवलेलं — कागदातल्या रूपांवरून किंवा भगिनी भाषेवरून बांधलं.
घडवलेलं — गटाने नव्याने केलं.

शिक्का लावला म्हणून घडवलेला शब्द कमअस्सल ठरत नाही. पुढे नवा कागद सापडला तर कुठे हात घालायचा ते कळावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

सगळ्यात जास्त बिघडतं ते ‘जुळवलेलं’मध्ये. सध्याच्या भाषेतलं वाक्य घ्यायचं आणि शब्दकोशातून एकेक शब्द बदलायचा, असं केलं की हाडं एका भाषेची आणि कातडं दुसऱ्या भाषेचं असा प्राणी तयार होतो. कौर्नात सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला वेगळा प्रत्यय लागतो, आपल्या ‘तिने दार उघडलं’मधल्या ‘ने’सारखा. रोज इंग्रजी बोलणाऱ्याला तो सुचतच नाही, कारण त्याच्या भाषेत ती जागाच नाही. म्हणून बांधलेल्या प्रत्येक वाक्यासाठी कागदात त्याच घडणीचं निदान एक खरं वाक्य शोधायचं: शब्द वेगळे चालतील, सांगाडा तोच हवा. तसं वाक्य मिळालं नाही तर मूळ उद्गारच बदला. ‘मला टॉवेल देशील का?’चा सांगाडा सापडत नसेल आणि ‘दे’ सापडत असेल, तर हात पुढे करून ‘दे’ म्हणा. घरात माणसं असंच बोलतात.

नवा शब्द लागला तर आधी जुना शब्द ताणून बघा, मग दोन जुने जोडून बघा, आणि शेवटी उसना घ्या. कौर्नात संगणकाला ‘मुकर्न्तु’ म्हणतात: मेंदू आणि वीज या दोन शब्दांची जोड. शब्द सुचल्या दिवशी पक्का करू नका. दोन आठवडे तोंडात घोळवा, तीन वाक्यांत वापरा, मुलांना म्हणायला लावा (त्यात काही चावट ऐकू येत असेल तर ती पहिल्या मिनिटात सांगतात), आणि शेजारच्या भाषेत त्याचा भलता अर्थ नाही ना, हे विचारा.

पायरी ५: चाळीस मिनिटांचं सत्र

इथे शिकवणारा स्वतःच शिकणारा असतो, फार तर दोन सत्रं पुढे. त्यामुळे पहिल्याही आधी शून्यावं सत्र घ्या: ‘परत म्हण’, ‘हळू’, ‘मला माहीत नाही’, ‘हे कसं म्हणायचं?’. ही चार वाक्यं दोन्ही बाजूंना आली की अडल्यावर लगेच दुसऱ्या भाषेत उडी मारावी लागत नाही.

नेहमीच्या सत्राची विभागणी साधारण अशी ठेवा. पाच मिनिटं मागचं. दहा मिनिटं फक्त ऐकून करायचं: बस, ऊठ, घे, ठेव, आण. यात शिकणाऱ्याने बोलायचं नाही, नाहीतर कान तयार व्हायच्या आत जीभ चुकीची वळते. पुढची दहा मिनिटं आळीपाळीने बोलायचं. मग दहा मिनिटं खरा प्रसंग, खऱ्या वस्तूंसह. शेवटची पाच मिनिटं वहीसाठी: काय अडलं, कोणता उद्गार कमी पडला. एका सत्रात नवे शब्द सात-आठच्या वर नकोत आणि वाक्याचे सांगाडे दोनपेक्षा जास्त नकोत. लोक ‘एवढंच?’ म्हणतात, म्हणू द्या.

हाताशी साधन हवं असेल तर रंगीत कांड्या घ्या. न्यूझीलंडमध्ये माओरीसाठी १९७९मध्ये कातरिना मातैरा आणि नोई पेफैरांगी यांनी सुरू केलेल्या ते आतारांगी पद्धतीत याच वापरतात: दहा लांबींच्या, प्रत्येक लांबीला वेगळा रंग, सर्वांत लहान एक सेंटिमीटरची आणि मोठी दहाची. माओरी निद्रिस्त नव्हती, पण युक्ती आपल्या कामाची आहे. ‘घे’, ‘दे’, ‘ठेव’ ही तीन क्रियापदं, चार रंग आणि दोन आकडे एवढ्यावर चोवीस वेगळ्या आज्ञा तयार होतात. चित्रं लागत नाहीत, आणि चुकलं तर लगेच दिसतं, कारण चुकीची कांडी उचलली जाते.

‘गुरू-शिष्य’ पद्धत तुमच्या कानावर येईल. तिच्यात अस्खलित बोलणारं माणूस आणि एक शिकणारा आठवड्याला दहा-वीस तास सोबत घालवतात. आपल्याकडे ते माणूसच नाही, तेव्हा ती जशीच्या तशी चालत नाही. दोन शिकणाऱ्यांची जोडी करून रोज एक ठरलेलं काम त्या भाषेत करायचं, एवढाच तिचा गाभा उचला.

ध्वनिमुद्रणासाठी गटाने दोन आवाज ठरवावेत, एक बाईचा आणि एक पुरुषाचा. प्रत्येक उद्गार तीनदा, नेहमीच्या गतीने. अक्षर-अक्षर तोडून सांगितलेला नमुना देऊ नका. दुसरा कुठलाच आवाज कानावर पडत नसल्याने मुलं तो तुटक उच्चारच खरा धरतात, आणि दोन वर्षांनी सगळी पिढी रेल्वेच्या उद्घोषणेसारखी बोलते. फाइलच्या नावात वहीतला ओळीचा आकडा आणि तारीख टाका.

पायरी ६: चार आठवड्यांनी काय बघायचं

परीक्षा घेऊ नका. प्रसंग घडताना कोपऱ्यात बसा आणि न सांगता, न ढोसता किती उद्गार आले ते मोजा. पंधरांपैकी पाच-सहा आपोआप येत असतील तर गाडी रुळावर आहे. एकही येत नसेल तर दोष बहुतेक वेळा मुलांचा नसतो: वाक्य फार लांब असतं, किंवा प्रसंगातलं मोठं माणूसच भाषा वापरत नसतं.

मूल समजतं सगळं, पण उत्तर दुसऱ्या भाषेत देतं, ही तक्रार हटकून येते. ‘आमच्या भाषेत बोल’ म्हणून दटावू नका. त्याचं उत्तर तुम्ही त्या भाषेत सहज म्हणा आणि पुढे चला. चुकीच्या रूपाचंही तेच: बरोबर रूप तुमच्या पुढच्या वाक्यात यावं, तास थांबवून नव्हे.

मोठ्यांचं वेगळं असतं. आजीला ही भाषा बोलल्याबद्दल शाळेत मार बसला होता, हे माहीत असलेलं माणूस पहिलं वाक्य म्हणताना कधी रडतं, कधी तिसऱ्या सत्रापासून येणं बंद करतं. दर सत्रानंतर दहा मिनिटं मोकळी ठेवा, कसलाही कार्यक्रम न आखता. ‘चुकेन’ या भीतीपेक्षा ‘आपल्याच भाषेत चुकेन’ ही भीती जड असते.

आणि सगळा भार एका जाणकारावर आहे का, तेही बघा. प्रत्येक वाक्य त्याच एका माणसाकडून तपासून येत असेल तर तो आजारी पडल्यावर भाषा पुन्हा झोपते. वहीतून कागद आणि पान शोधणं गटातल्या आणखी दोघांना यायला हवं. ते शिकायला तीन-चार बैठका लागतात. मोबाइल अॅप काढायला मिळणारा पैसा आणि उत्साह आधी इकडे वळवा. अॅपला शब्द पुरवायलाही शेवटी ही वहीच लागते.

पहिला प्रसंग कागद न बघता सलग दोन आठवडे चालला की दुसरा घ्या, पण तो पहिल्याला चिकटलेला असू द्या. दारातली भेट झाली असेल तर पुढे ‘आत ये’, ‘बस’, ‘पाणी घेणार?’. माणूस दारातून आत येतंच, आणि पहिल्या प्रसंगातली सर्वनामं तिथे पुन्हा लागतात.